मर्ल किंडिगचा आकडा

मर्ल किंडिगने आयुष्यात कुणाला तोंडावर खोटारडा म्हटलं नाही. ते काम तो मशिनकडून करून घ्यायचा.

इंडियानात हार्पर्स मिल गावाबाहेर, धान्याच्या कोठाराच्या पलीकडे त्याचं गॅरेज होतं. गॅरेजच्या फरशीत एक अवजड लोखंडी ढोल बसवलेला, त्याची पाठ तेवढी वर दिसायची. गाडीची मागची चाकं त्या ढोलावर चढवायची, गाडी साखळ्यांनी चारी बाजूंनी आवळायची आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. गाडी जागच्या जागी, चाकं मात्र जीव खाऊन फिरतायत आणि त्यांच्याखाली ढोल. एवढा जड ढोल किती लवकर वेग घेतो, त्यावरून इंजिनातले किती घोडे खरोखर रस्त्यापर्यंत पोचतात ते मशिन सांगायचं. असलं मशिन जिल्ह्यात एकच होतं, आणि त्याच्यापुढे रडून उपयोग नव्हता.

आता हे समजायला हवं की त्या भागातल्या पुरुषांना बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण एकोणीसशे एकोणसत्तर साली गाडीच्या माहितीपत्रकात किती अश्वशक्ती छापली होती ती झोपेतून उठवून विचारा. तीनशे सत्तर. तीनशे नव्वद. चारशे पंचवीस. हे आकडे ते नातवंडांना सांगतात. आणि हे आकडे कसे काढलेले? इंजिन गाडीतून बाहेर, टेबलावर उघडंबोडकं. पंखा नाही, जनरेटर नाही, हवेची गाळणी नाही, धुराच्या नळीत आवाज दाबणारा डबा नाही. त्याला नुसतं पळवायचं, सगळ्यात मोठा आकडा पकडायचा आणि छापून मोकळं व्हायचं. पुढे बहात्तर साली सगळं सामान चढवून मोजायची पद्धत आली, आणि एका रात्रीत तीच इंजिनं शंभर-शंभर घोड्यांनी अशक्त झाली. लोकांना वाटलं, पेट्रोल खराब आलंय.

काही ठिकाणी उलटंच. विमेवाल्यांनी जोरकस गाड्यांचे हप्ते वाढवले, तेव्हा काही इंजिनांचा आकडा मुद्दाम कमी छापला गेला. म्हणजे वर खोटं, खाली खोटं, आणि खरं कुठेच नाही. मर्लला हे सांगायला फार आवडायचं. शाळेच्या बसगाड्यांच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला हा माणूस एरवी दिवसात वीस वाक्यं बोलायचा. त्यातली पंधरा याच विषयावर.

"कागद वाचू नका," तो म्हणायचा. "वजन करा. मोजा. कागदाला काय, लिहिलं की लिहिलं."

याचं मूळ त्याच्या बापात होतं. म्हातारा किंडिग कोठारावर मक्याचा काटा सांभाळायचा आणि माप मारायला त्याचा अंगठा काट्यावर असतो असं सगळा गाव म्हणायचा. तोंडावर कुणी बोललं नाही. पण मर्ल शाळेत गेला की पोरं आपला अंगठा वर करून दाखवायची. तेव्हापासून या माणसाने ठरवलं असावं की आपला अंगठा कशावरच ठेवायचा नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण चांगल्या गोष्टीचाही माणसाला माज येतो, हे कुणी त्याला सांगितलं नाही.

एकोणनव्वद साली त्याने ते मशिन एका बंद पडलेल्या गॅरेजमधून जुनं विकत आणलं. त्यानंतर गावातल्या एकेका बढाईखोराचं नाक त्या ढोलावर ठेचलं गेलं. तीनशे नव्वद सांगणारा दोनशे चाळीस घेऊन घरी गेला. चारशे पंचवीसवाला दोनशे एकाहत्तर. प्रेतांची व्यवस्था बघणारा एल्वुड मास्ट, ज्याच्या गाडीच्या कागदावर दोनशे नव्वदच लिहिले होते, त्याची चाकांवर बरोब्बर दोनशे नव्वद भरली. विम्याच्या भीतीने कमी छापलेल्यांतली ती एक. एल्वुडने कागद घडी करून खिशात ठेवला आणि धंद्याला शोभेल असा गंभीर चेहरा करून निघून गेला. त्या दिवसापासून त्याला गावात फार मान.

ओपलच्या खानावळीत खिडकीजवळ दहा खुर्च्यांचं एक लांब टेबल होतं. शनिवारी सकाळी सगळे गाडीवेडे तिथे अंडी आणि रस्सा ओतलेली पावासारखी मऊ बिस्किटं खायला जमायचे आणि जागेवरून दर वेळी भांडणं. एकदा वैतागून मर्ल म्हणाला, "माझ्या ढोलावर ज्याचे अडीचशे भरतात त्याने इथे बसावं. बाकीच्यांनी काउंटरवर." तो थट्टेत म्हणाला होता. पण पुढच्या शनिवारी लोक तसेच बसले, आणि ओपलने पुठ्ठ्यावर '२५०' लिहून टेबलावर टेकवून ठेवलं. मर्लच्या स्वतःच्या गाडीचे दोनशे एक्कावन्न भरत होते. एका घोड्याने वाचला बिचारा.

आता क्लेटन फुलवायलर. हा मर्लच्या बायकोचा, नोरीनचा, थोरला भाऊ. गावात केस कापायचं दुकान. सैन्यातून परत आल्यावर एकोणसत्तर साली त्याने एक निळी गाडी कोरी घेतली, कागदावर तीनशे सत्तर घोडे. लग्न केलं नाही. गाडी होती ना. पंचवीस वर्षं त्याच्या खुर्चीत जो बसला त्याने ते तीनशे सत्तर घोडे ऐकले. गळ्याशी वस्तरा धरलेल्या माणसाशी वाद कोण घालतो?

चौऱ्याण्णव साली लोकांनीच त्याला चढवलं आणि गाडी ढोलावर आली. अर्धा गाव बघायला. मर्लने तीन वेळा मोजलं. दोनशे त्रेचाळीस, दोनशे बेचाळीस, दोनशे त्रेचाळीस.

"पुन्हा घे," क्लेटन म्हणाला.

"तीनदा घेतलं."

"मशिनला काहीतरी झालंय तुझ्या."

"मशिनला काही होत नाही, क्लेटन. माणसांना होतं."

लोक हसले. मर्लला ते हसू आवडलं, हे खरं सांगायला हवं. क्लेटनने गाडी खाली घेतली आणि कुणाकडे न बघता गेला.

त्या संध्याकाळी नोरीनने जेवायला वाढलं आणि समोर बसली. "सात घोडे, मर्ल. अडीचशेला सात कमी. तू दोनशे पन्नास म्हणाला असतास तर कुणाचं काय जात होतं?"

"मशिनला नाती कळत नाहीत."

"मशिनला नाही कळत. तुला?"

यावर मर्लने बटाटे मागितले.

पुढे चार हिवाळे क्लेटनने ते इंजिन खोललं आणि बसवलं, खोललं आणि बसवलं. प्रत्येक वसंतात गाडी ढोलावर. दोनशे सेहेचाळीस. दोनशे एकोणचाळीस. एकदा तर दोनशे अठ्ठेचाळीस. शेवटी त्याने सगळं पूर्वीसारखं करून टाकलं, गाडीवर चादर घातली आणि शनिवारी यायचंच बंद केलं. दुकानात लोक विचारायचे, "काय क्लेटन, कात्रीत तरी पूर्ण जोर आहे ना?" मग त्याने दुकानही लवकरच बंद केलं. वय झालं, म्हणाला. थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरात सगळं घर एकत्र जेवतं त्या सणाला, बहिणीकडे येणं तर पहिल्याच वर्षापासून बंद. नोरीन दरवर्षी सणाचा टर्की पक्षी भाजायची, तीन माणसांची ताटं मांडायची, आणि दोघंच जेवायचे. ती या विषयावर एक शब्द बोलत नसे. नवऱ्याला शब्दांपेक्षा ते जड जातं, हे बायकांना बरोबर माहीत असतं.

अशी नऊ वर्षं गेली.

दोन हजार तीनच्या सप्टेंबरात ढोलाचं एक बेअरिंग कुरकुरायला लागलं. मर्लने तो ढोल पहिल्यांदाच पूर्ण वर उचलला. टोकाच्या बाजूवर जाड हिरवा रंग होता. बेअरिंग नीट बसावं म्हणून त्याने तो खरवडला. खाली लोखंडात ठोकलेला आकडा निघाला. दोन हजार सहाशे पंच्याण्णव पौंड.

मर्लने तो आकडा अंगठ्याने पुसला आणि पुन्हा वाचला.

मशिन सगळा हिशोब ढोलाच्या वजनावरून करतं. ते वजन एकदा मशिनमध्ये भरावं लागतं. मर्लने ते चौदा वर्षांपूर्वी भरलं होतं: अडीच हजार. कुठून? मशिनबरोबर आलेल्या पुस्तिकेतून. आधीच्या मालकाने कधीतरी जास्त जड ढोल बसवला होता, आणि पुस्तिका तीच राहिली होती. गाड्या जड ढोल फिरवत होत्या आणि मशिन त्यांना हलक्या ढोलाचे घोडे देत होतं. म्हणजे साऱ्या जिल्ह्याला 'कागद वाचू नका, वजन करा' असं शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या ढोलाचं वजन कागदावर वाचलं होतं.

तरी त्याची समजूत पटेना. ढोल ट्रकवर घालून तो कोठारावर घेऊन गेला, बापाच्याच त्या काट्यावर. दोन हजार सहाशे पंच्याण्णव. काट्यावर कुणाचा अंगठा नव्हता.

घरी येऊन त्याने वही काढली. चौदा वर्षांत सहाशे अकरा गाड्या, आणि एकजात सगळ्यांना त्याने कमी सांगितलं होतं. दर शंभर घोड्यांमागे जवळजवळ आठ घोडे त्याने खाल्ले होते. बापाने मक्यातसुद्धा इतकं खाल्लं नसेल. मग, ज्या पानावर जायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच पानावर तो गेला. क्लेटन फुलवायलर, दोनशे त्रेचाळीस. पेन्सिलीने गुणाकार केला. दोनशे बासष्ट.

पहिल्याच दिवशी, काहीही न बदलता, त्या माणसाचे अडीचशेच्या वर बारा भरले होते.

दोन आठवडे मर्लने तोंडातून चकार शब्द काढला नाही. या दोन आठवड्यांबद्दल त्याला दोष द्यायचा तर खुशाल द्या, मी देतो. तिसऱ्या रविवारी नोरीनने अ‍ॅपल पाय पुढे ठेवला आणि त्याने ताटली सरकवली.

"काय झालंय?" ती म्हणाली. "डॉक्टरकडे गेला होतास का गुपचूप?"

त्याने सांगितलं. हातातली सुरी तिने हळूच खाली ठेवली.

"आत्ता जा," ती म्हणाली. "आधी क्लेटनला सांग. बाकीचे गेले खड्ड्यात."

"तो मला दारात उभं करणार नाही."

"नको करू दे. दाराबाहेरून सांग."

क्लेटन मागच्या ओट्यावर कणसं सोलत बसला होता. मेव्हण्याला बघून त्याने खुर्ची दिली नाही, पण ऊठही म्हणाला नाही.

"क्लेटन, तुझे दोनशे बासष्ट होते."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय."

"तुझं नको. मशिनचं सांग."

"मशिन चुकत होतं. म्हणजे, मी चुकवलं होतं. ढोलाचं वजन मी पुस्तिकेतून घेतलं."

क्लेटनने कणीस खाली ठेवलं. "पुस्तिकेतून."

"हो."

"छापील."

"हो म्हटलं ना."

क्लेटन हसायला लागला. आधी नुसते खांदे, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. "अरे देवा," तो म्हणाला, "तू. छापील आकडा. पंचवीस वर्षं मी छापील आकडा सांगितला तर तू मला अख्ख्या गावासमोर नागवा केलास, आणि तू बाबा..." पुढे त्याला बोलवेना. मर्लला वाटलं आता शिव्या येतील, आणि त्या खायची त्याची तयारी होती. त्या आल्याच नाहीत. क्लेटनने डोळे पुसले आणि एकदम लहान आवाजात विचारलं, "नक्की ना? नंतर फिरवायचा नाहीस?"

"कोठारावर वजन केलं मी."

"मग शनिवारी येतो." तो उठला. "गाडी धुवायला हवी."

नोरीनला हे कळलं तेव्हा ती पदार्थांची यादी करायला बसली. टर्की मोठी आणायची, क्लेटनला रताळी आवडतात ती वेगळी करायची. शनिवारी आपणही खानावळीत येणार आणि तिथेच, त्या टेबलावर बसलेल्या भावाला थँक्सगिव्हिंगचं बोलावणं करणार, असं तिने जाहीर केलं. नऊ वर्षांत मर्लने तिला अशी बडबडताना पाहिलं नव्हतं.

शनिवारी क्लेटन आला. निळी गाडी बाहेर चकाकत होती. त्याने केस बसवले होते, कोट घातला होता, चर्चला जाताना घालतात तो. ओपलने काही न विचारता लांब टेबलाला अकरावी खुर्ची लावली. क्लेटन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. बसला नाही, आधी मर्लचं बोलणं व्हायला हवं होतं, आणि ते त्याला नीट ऐकायचं होतं.

मर्लने उभं राहून सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, पुस्तिकेचंसुद्धा. कुणीतरी ताटली आपटेल, कुणीतरी बाहेर निघून जाईल अशी त्याची अपेक्षा होती.

कोण निघून जातं? प्रत्येकाच्या पदरात फुकटचे वीस घोडे पडले होते. पाच मिनिटांत सगळे कागदी रुमालांवर गुणाकार करत होते. बियाणं विकणारा डोनी हार्टर, जो एरवी बिलाचा हिशोब बायकोकडून करून घेतो, त्याने पेन्सिल हातात घेऊन ओरडून सांगितलं, "दोनशे त्र्याहत्तर. मला वाटतच होतं. मी सांगत नव्हतो?" मर्लच्या पाठीवर थापा पडल्या. असा प्रामाणिक माणूस गावात दुसरा नाही, असं एकमताने ठरलं. क्लेटनलाही एकदोघांनी हात मिळवला. नोरीन काउंटरच्या स्टुलावर बसून भावाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा, काय सांगावं, वीस वर्षांनी तरुण झाला होता.

मग डोनीने पेन्सिल थांबवली.

"एक मिनिट," तो म्हणाला. "असं असेल तर माझ्या मेव्हण्याची ती लांब डब्यासारखी घरगुती गाडी, तिचे दोनशे चौतीस होते. तिचे आता किती झाले? दोनशे बावन्न. म्हणजे तोही इथे बसणार?"

पुठ्ठ्यावरच्या अडीचशेकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं. वीस घोडे मिळाल्याचा आनंद ठीक होता. पण ते शेजाऱ्यालाही मिळाले, हे आत्ता ध्यानात आलं.

"तसं असेल तर अर्धा जिल्हा बसेल," कुणीतरी म्हणालं.

एल्वुड मास्टने घसा साफ केला. मयताच्या नातेवाइकांशी बोलतो त्या आवाजात तो म्हणाला, "कुणावर अन्याय नको. रेषा होती तिथेच राहू दे, म्हणजे झालं. जुन्या मापाचे अडीचशे म्हणजे खऱ्या मापाचे किती होतात, मर्ल?"

नोरीनने नवऱ्याकडे पाहिलं. क्लेटनने पाहिलं नाही. तो खुर्चीच्या पाठीवरच्या आपल्या हाताकडे बघत होता. आता मर्लला म्हणता आलं असतं की नियम अडीचशेचा आहे, पुठ्ठ्यावर लिहिलाय, आणि नियम म्हणजे नियम. त्यात खोटंसुद्धा काही नव्हतं. म्हणता आलं असतं की ते टेबल मीच थट्टेत सुरू केलं, आजपासून बंद. नुसतं 'बघून सांगतो' म्हटलं असतं तरी दिवस निभावला असता. पण आकडा विचारला आणि मर्ल किंडिगने सांगितला नाही, असं आजवर झालं नव्हतं.

"दोनशे एकोणसत्तर पूर्णांक पाच," तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला कळलं आपण काय केलं.

"दोनशे सत्तरच धरा," डोनी म्हणाला. "गोल आकडा बरा." त्याने पुठ्ठा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

क्लेटनने खुर्चीवरून हात काढला. तो रागावलेला दिसत नव्हता. पेपर वाचून बाजूला ठेवावा तसा त्याचा चेहरा होता.

"हिशोब बरोबर आहे," तो मर्लला म्हणाला. "मागच्या वेळी सात कमी पडले होते. आता आठ."

"क्लेटन, ऐक—"

"मी उगाच मशिनला शिव्या घालत होतो रे."

तो दाराकडे गेला. नोरीन स्टुलावरून उतरली, तिने पर्स उचलली, कोट हातावर घेतला. मर्लजवळून जाताना ती थांबली. त्याला वाटलं ती काहीतरी बोलेल.

"टर्की क्लेटनकडे करते यंदा," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

खिडकीतून सगळ्यांना दिसलं: तिने निळ्या गाडीचं दार उघडलं, भावाशेजारी बसली, आणि गाडी निघाली. आवाज छान होता. दोनशे बासष्टचा आवाज असतो तसाच होता. एक घोडा कमी नाही की जास्त नाही, मर्लला कानाने कळत होतं.

"चला," डोनी म्हणाला. त्याने नवा पुठ्ठा टेबलाच्या मधोमध टेकवून ठेवला. "आता एकेकाचे बघून घेऊ. मर्ल, तुझे किती होतात रे?"

मर्लने गुणाकार कधीच केला होता. "दोनशे सत्तर पूर्णांक सहा."

"मग बसतोस की तू," डोनी म्हणाला. "उभा का?"